कृत्तिकांची वॅगन : एका टर्बो गाडीच्या रचनेचा अभ्यास

आश्विनात सुरू झालेली आपली दिवाळी कार्तिकात संपते. कार्तिक हे नाव ज्या कृत्तिकांवरून आलं, तो चांदण्यांचा लहानसा पुंजका याच दिवसांत रात्र पडली की पूर्वेकडून वर येताना दिसतो. जपानी भाषेत या पुंजक्याला 'सुबारू' म्हणतात, आणि त्या शब्दात 'एकत्र येणं' हाही अर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नाकाजिमा या विमान कंपनीचे तुकडे झाले. त्यांतले पाच तुकडे १९५३ साली फुजी हेवी इंडस्ट्रीज या नावाखाली पुन्हा जोडले गेले. म्हणून या कंपनीच्या मोटारींवर सहा तारे असतात, पाच लहान आणि एक मोठा. आपल्याकडेही कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहाच. हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटत आला आहे. पण लेखाचा विषय तो नाही. विषय आहे या सहा ताऱ्यांखाली विकली जाणारी एक गाडी : सुबारू आउटबॅक, तीही टर्बो असलेली.

ही गाडी भारतात विकली जात नाही, त्यामुळे हा लेख कोणाला खरेदीसाठी उपयोगी पडेल असं नाही. तरी ती अभ्यासायला घेतली, कारण आपल्याकडच्या शोरूममध्ये विक्रेता जे तीन शब्द सतत फेकत असतो, म्हणजे टर्बो, ऑल-व्हील ड्राइव्ह आणि ग्राउंड क्लिअरन्स, ते तिन्ही या एका गाडीत आहेत आणि ते एकमेकांना कसे धरून आहेत हे तिच्यात स्पष्ट दिसतं. मी इंजिनिअर नाही. सर्व्हिस मॅन्युअल वाचून, उघडलेल्या इंजिनांपुढे तासन्‌तास बसून आणि फिटर लोकांना नको इतके प्रश्न विचारून जे कळत गेलं, ते इथे मांडतो आहे.

आधी 'स्टेशन वॅगन' म्हणजे काय ते. सेडान गाडीचं छत शेवटपर्यंत सरळ मागे नेलं, डिकीवर काचेचा दरवाजा बसवला, की झाली वॅगन. भारतात हा प्रकार कधी रुजला नाही. टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, पुढे ओपेल कोर्सा स्विंग, मारुती बलेनो अल्टुरा, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा अनेक गाड्या आल्या आणि गेल्या. आपल्या लोकांना एक तर मागे वेगळी डिकी असलेली 'कार' हवी होती, नाही तर उंच बसायला मिळणारी 'जीप'. मधल्या गाडीला गिऱ्हाईक नव्हतं. 'क्रॉसओव्हर वॅगन' म्हणजे हीच मधली गाडी, फक्त जमिनीपासून वर उचललेली.

तिचं मूळ शोधत गेलं की आपण जपानच्या बर्फाळ ईशान्य भागात पोहोचतो. तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या तिथल्या वीज कंपनीच्या लोकांना हिवाळ्यात डोंगरातल्या लाइनी तपासायला जावं लागे. त्यांच्याकडच्या जीप उघड्या, थंडगार आणि पेट्रोल पिणाऱ्या. त्यांना हवी होती बंद मोटार, जी बर्फातून चढेल. सुबारूची १९६६ सालची १००० ही गाडी या कामाला आयतीच सोयीची होती, आणि याचं कारण तिच्या इंजिनात होतं. ते इंजीन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं होतं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तोही लांबीच्याच दिशेने. पुढची चाकं गिअरबॉक्सच्या पोटातल्या डिफरन्शियलमधून फिरत. अशा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून एक दांडा बाहेर काढला आणि मागे दुसरं डिफरन्शियल लावलं की चारही चाकं जोडली जातात. इंजीन आडवं, म्हणजे रुंदीच्या दिशेने, बसवलेल्या आजच्या बहुतेक लहान मोटारींत हेच काम करायला शक्ती काटकोनात वळवावी लागते. मियागीच्या एका स्थानिक विक्रेत्याने वीज कंपनीसाठी अशी जोडगाडी तयार केली, १९७१ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात तिचं सुधारित रूप आलं, आणि १९७२ मध्ये लिओनी इस्टेट व्हॅन ही चारही चाकं फिरवणारी वॅगन बाजारात आली. म्हणजे ही गाडी साहसी प्रवाशांसाठी जन्मली नाही. विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनसाठी जन्मली.

आउटबॅक हे नाव पुढे १९९४ मध्ये अमेरिकेत आलं. पहिल्या वर्षी ती लेगसी वॅगनच होती, फक्त नटवलेली. नंतर तिची सस्पेन्शन खरोखर उचलली गेली. २००५ च्या मॉडेलपासून तिथे अडीच लिटरचं २५० अश्वशक्तीचं टर्बो इंजीन मिळू लागलं आणि त्या गाडीला 'एक्सटी' म्हणू लागले. २०१० च्या मॉडेलपासून टर्बो गेला. पुढची दहा वर्षं वरच्या मॉडेलात सहा सिलिंडरचं इंजीन होतं. २०२० च्या मॉडेलात टर्बो परत आला, तो चार सिलिंडरच्या २३८७ सीसी इंजिनावर. यापुढे मी प्रामुख्याने याच गाडीविषयी बोलणार आहे.

झोपलेलं इंजीन

जनरल मोटर्सकडे १९९९ च्या अखेरीपासून २००५ पर्यंत फुजी हेवीचे वीस टक्के शेअर होते. त्या काळात सुबारूची फॉरेस्टर ही आउटबॅकची धाकटी बहीण भारतात शेव्हरोलेचा बिल्ला लावून विकली गेली. पुण्यात एका ओळखीच्या गॅरेजमध्ये अशीच एक जुनी फॉरेस्टर बॉनेट उघडून उभी होती, तेव्हा हे इंजीन मी प्रथम जवळून पाहिलं. खरं तर पाहिलं असं म्हणवत नाही, कारण दिसतच नव्हतं. वर हवेचे पाइप, बॅटरी, डबे, आणि इंजीन त्यांच्याखाली कुठे तरी. तिथला फिटर म्हणाला, "साहेब, हे इंजीन झोपलंय." याहून अचूक वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आपल्या नेहमीच्या मोटारीत चार सिलिंडर एका रांगेत उभे असतात. पिस्टन वर-खाली होतात. सुबारूत दोन सिलिंडर डावीकडे आणि दोन उजवीकडे, जमिनीला समांतर आडवे पडलेले असतात, मधून क्रँक जातो. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. दोन मुष्टियोद्धे एकमेकांसमोर हात पुढे-मागे करतात तसं, म्हणून या रचनेला 'बॉक्सर' म्हणतात. जुनी फोक्सवॅगन बीटल, पोर्शे, बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकली यांत हीच रचना आहे.

याचा पहिला फायदा थरथर कमी होण्याचा. रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे मोठा झटका एकमेकांत मिटतो. पण पिस्टनचा वेग वरच्या टोकाजवळ आणि खालच्या टोकाजवळ सारखा नसतो. त्या फरकातून क्रँकच्या दुप्पट वेगाची एक थरथर उरते. ती मारायला अनेक इंजिनांत वेगळे बॅलन्स शाफ्ट घालावे लागतात. बॉक्सरमध्ये समोरासमोरचे पिस्टन ही थरथर एकमेकांतच खाऊन टाकतात. पिस्टन अगदी एका रेषेत नसतात, थोडे पुढे-मागे असतात, म्हणून किंचित डुलणं उरतं, इतकंच.

दुसरा फायदा वजन खाली राहण्याचा. त्याकडे पुढे येतो, कारण या गाडीचं सगळं मर्म तिथे आहे.

तोटेही सांगायला हवेत, कारण कंपनीचं माहितीपत्रक ते सांगत नाही. इंजिनाला दोन हेड, म्हणून दोन हेड गॅसकेट, चार कॅम शाफ्ट, सगळंच दुप्पट. स्पार्क प्लग गाडीच्या दोन्ही बाजूंना, चॅसिसच्या भिंतीला तोंड करून. बदलायला बॅटरी आणि डबे हलवावे लागतात. हेड आडवं असल्याने तेल आणि पाणी गॅसकेटच्या खालच्या कडेशी साचून राहतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासूनची या कंपनीची टर्बो नसलेली अडीच लिटरची इंजिनं हेड गॅसकेटच्या गळतीसाठी अमेरिकेत कुप्रसिद्ध झाली. टर्बो इंजिनात पोलादाच्या अनेक पातळ थरांची गॅसकेट होती, तिने बरंच निभावलं. शिवाय इंजीन रुंद असल्याने पिस्टनचा पल्ला वाढवायला जागा नसते. जुन्या अडीच लिटर इंजिनात सिलिंडरचा व्यास ९९.५ मिलिमीटर आणि पल्ला फक्त ७९ होता. असं बुटकं, रुंद इंजीन वरच्या फेऱ्यांना खुलतं, पण खालच्या फेऱ्यांत त्याला ओढ कमी. नव्या इंजिनात व्यास ९४ आणि पल्ला ८६ मिलिमीटर झाला आहे. टायमिंग बेल्टच्या जागी चेन आली आहे.

आणखी एक गोष्ट. 'सिमेट्रिकल', म्हणजे डावी-उजवीकडे समतोल, हा शब्द कंपनी फार अभिमानाने वापरते. डावी-उजवी समतोल आहे हे खरंच. पण सगळं इंजीन पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे लोंबतं, त्यामुळे पुढचा-मागचा समतोल मात्र नाही. चार सिलिंडरचं बॉक्सर लांबीला आखूड असतं म्हणून हे खपून जातं.

उंची कुठे असावी

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे 'उंच गाडी' म्हणताना दोन वेगळ्या उंचींची गल्लत होते. एक उंची पोटाखालची, म्हणजे जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतलं अंतर. दुसरी उंची गाडीच्या वजनाची, म्हणजे गुरुत्वमध्य जमिनीपासून किती वर आहे ती. खड्ड्यासाठी, दगडासाठी, बर्फासाठी पहिली हवी. वळणावर दुसरी जितकी कमी तितकं बरं. आउटबॅकचं पोटाखालचं अंतर सुमारे २२० मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्याकडच्या अनेक उंच एसयूव्हींच्या बरोबरीचं किंवा जास्त. पण तिचं छत खाली आहे, सीट खाली आहे आणि इंजीन तर झोपलेलंच आहे.

याचा हिशोब सोपा आहे. अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा गाडी उलटण्याचा धोका मोजताना डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घेते आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागते. उत्तर जितकं मोठं तितकी गाडी पक्की. साध्या मोटारींत ते बहुधा १.३ ते १.५ येतं, उंच एसयूव्ही आणि पिकअपमध्ये १.० ते १.३. कागदावर एक उदाहरण करून पाहू. चाकांतलं अंतर १५६ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर, तर भागाकार १.३. तोच गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर नेला तर १.११. दहा सेंटिमीटरचा खेळ, पण गाडी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊन पडते. छतावर कॅरिअर लावून चार बॅगा बांधणाऱ्यांनी हे गणित एकदा तरी करावं.

बुटक्या गाडीचा तोटा तिच्या नाकात असतो. आउटबॅकचं नाक लांब आहे, त्यामुळे समोरच्या उभ्या चढाला भिडण्याचा कोन एकोणीस अंशांच्या आसपासच मिळतो. ओढ्याच्या काठावरून उतरताना बंपर आधी टेकणार. ही जीप नाही. कच्चा रस्ता, बर्फ, चिखल इथपर्यंत तिची हद्द, दरडीवर चढायला ती नव्हे.

खेदाची गोष्ट ही की ग्राहकांनाच हा आकार नको झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात नवी आउटबॅक दाखवली गेली, ती उभट, पेटीसारखी. पोटाखालचं अंतर जवळपास तेवढंच, छत मात्र वर गेलं. माझ्या मते हे मागे जाणं आहे, पण मोटारी कागदावरच्या भागाकाराने विकल्या जात नाहीत.

फुकट जाणाऱ्या धुराची कमाई

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातली साधारण एक तृतीयांश सायलेन्सरच्या वाटेने गरम धूर म्हणून निघून जाते. टर्बो त्या धुराच्या वाटेत एक पंखा ठेवतो. धूर तो फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून दाबून सिलिंडरात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून शक्ती जास्त. दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतो आणि तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर.

आउटबॅकच्या दोन इंजिनांची तुलना बोलकी आहे. टर्बो नसलेलं अडीच लिटरचं इंजीन १८२ अश्वशक्ती आणि ४४०० फेऱ्यांवर २३९ न्यूटन-मीटर ओढ देतं. त्याहून किंचित लहान असलेलं टर्बो इंजीन २६० अश्वशक्ती आणि ३७५ न्यूटन-मीटर देतं, आणि ती ओढ २००० फेऱ्यांपासून ४८०० पर्यंत सपाट राहते. मला यातला २००० हा आकडा २६० पेक्षा महत्त्वाचा वाटतो. २६० अश्वशक्ती वर्षातून दहा वेळा लागेल; २००० फेऱ्यांवरची ओढ दर चढाला आणि दर ओव्हरटेकला लागते.

हवा दाबली की तापते. तीस अंशांची हवा दुप्पट दाबली तर ती सहज शंभर अंशांच्या वर जाते. अशी तापलेली हवा सिलिंडरात गेली की ज्योत पोहोचण्याआधीच पेट्रोल आपोआप भडकतं आणि इंजीन ठोकायला लागतं. म्हणून मध्ये इंटरकूलर हवा. जुन्या एक्सटीत तो इंजिनाच्या डोक्यावर होता आणि त्याला वारा मिळावा म्हणून बॉनेटवर मोठी खाच होती. तरुणांना ती फार आवडे. नव्या गाडीत ती नाही. जुन्या इंजिनात टर्बोही वर, मागे होता, आणि दोन्ही बाजूंचा धूर कमी-जास्त लांबीच्या पाइपांतून तिथवर न्यावा लागे. त्या असमान पाइपांमुळे धुराचे ठोके विस्कळीत पोहोचत, आणि त्यातूनच या गाड्यांचा तो प्रसिद्ध गुरगुरणारा आवाज निघे. नव्या इंजिनात टर्बो खाली, हेडांच्या जवळ आणला आहे. धूर लवकर पोहोचतो, पंखा लवकर फिरतो. गुरगुर गेली.

दुसरा मोठा बदल पेट्रोल सोडण्यात. नव्या इंजिनात ते थेट सिलिंडरात फवारलं जातं. उडून जाताना ते आतली हवा थंड करतं, त्यामुळे १०.६ इतकं वरचं कॉम्प्रेशन ठेवूनही इंजीन ठोकत नाही, आणि अमेरिकेतलं साधं ८७ आकड्याचं पेट्रोल चालतं. ते आपल्याकडच्या पूर्वीच्या ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलच्या जवळपास बसतं. मोजण्याची पद्धत वेगळी म्हणून आकडे वेगळे. या फवाऱ्याची किंमत अशी की हवेच्या व्हॉल्व्हवर आता पेट्रोल पडत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि काळाने त्यांच्यावर काजळी चढते.

माझा एक भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. त्याने मागे विचारलं होतं, "मामा, टर्बो घेऊ की साधी घेऊ?" डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. तिथून पश्चिमेला डोंगरात जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३४०० मीटरवर पोहोचतो. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांश उरतो. टर्बो नसलेलं इंजीन जेवढी हवा मिळेल तेवढीच घेणार, म्हणजे १८२ अश्वशक्तीची तिथे १२०-१३० राहणार, आणि तेही पावणेदोन टनांची गाडी चढावर ओढताना. टर्बो विरळ हवा जास्त दाबून ही घट बरीचशी भरून काढतो, पूर्ण नाही. त्यामुळे दर शनिवारी डोंगरात जाणार असशील तर टर्बो घे, असं त्याला सांगितलं. शहरातच फिरणार असशील तर ते पैसे हिवाळी टायरांवर घाल. कारण ॲव्हरेजमध्ये टर्बोची किंमत मोजावी लागते : अमेरिकी सरकारी चाचणीत एकत्रित आकडा साध्या इंजिनाला २९ मैल प्रतिगॅलन, टर्बोला २६. आपल्या भाषेत लिटरला १२.३ आणि ११ किलोमीटर.

टर्बोवाल्या कोणत्याही गाडीच्या मालकाने तेलाची तारीख पाळावी. अडीच लिटरच्या जुन्या टर्बो इंजिनात टर्बोकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीच्या बोल्टमध्ये एक बारीक जाळी होती. तेल वेळेवर बदललं नाही की तिथे गाळ अडकायचा आणि लाखभर फेऱ्यांचा दांडा कोरडा पडायचा. चढ चढून आल्यावर इंजीन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावं, हा जुना सल्ला आजही वाया जात नाही.

गिअरबॉक्सविषयी थोडक्यात. नव्या आउटबॅकमध्ये सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअर नाहीत; दोन शंकूंच्या जोड्यांमध्ये पोलादी चेन वर-खाली सरकते आणि गुणोत्तर सतत बदलत राहतं. टर्बोच्या सपाट ओढीला हे शोभतं. पण चालकाला गिअर बदलल्याचं सुख हवं असतं, म्हणून संगणक आठ खोट्या गिअरचे टप्पे करून दाखवतो. हौशी लोक याला नावं ठेवतात. मला तो खोटेपणा निरुपद्रवी वाटतो.

चारही चाकं, पण कशासाठी

वळणावर चारही चाकं वेगवेगळ्या लांबीच्या वाटेने जातात. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त चालतं, हे सर्वांना ठाऊक असतं. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा जास्त चालते, हे सहसा लक्षात येत नाही. जिप्सी किंवा थारसारख्या गाडीत फोर-बाय-फोरचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा भाग घट्ट बांधला जातो. चिखलात चाक घसरतं म्हणून चालून जातं. कोरड्या डांबरावर तोच दांडा टाकून वळलं तर गाडी अडखळते, टायर कुरकुरतात, आतले दात ताणले जातात. म्हणून ते फक्त कच्च्या रस्त्यावर वापरायचं.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये हे बंधन नको असतं, म्हणून मध्ये काही तरी 'सैल' जागा ठेवावी लागते. सुबारूने निरनिराळ्या गिअरबॉक्सना निरनिराळे मार्ग वापरले. मॅन्युअल गाड्यांत मधलं डिफरन्शियल, आणि त्याला आवर घालायला सिलिकॉनच्या दाट द्रवात बुडवलेल्या चकत्या. पुढची-मागची चाकं फार वेगळ्या वेगाने फिरू लागली की द्रव तापतो, आवळतो आणि शक्ती पोचवतो. २००५ च्या टर्बो एक्सटीच्या ऑटोमॅटिकमध्ये ग्रहमाला पद्धतीचे दाते होते, ते ४५ टक्के शक्ती पुढे आणि ५५ मागे देत. आजच्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा गठ्ठा आहे. संगणक तो कमी-जास्त दाबून मागे किती शक्ती जायची ते ठरवतो, साधारणपणे पुढे ६० आणि मागे ४०. एकाच बाजूचं चाक हवेत फिरू लागलं तर त्या चाकाला तेवढ्यापुरता ब्रेक लावून शक्ती दुसऱ्या चाकाकडे ढकलली जाते.

आता, हे सगळं गाडी पुढे ढकलण्यासाठी आहे. थांबवण्यासाठी नाही. प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर ब्रेक असतात. त्या बाबतीत ऑल-व्हील ड्राइव्हने काहीच वाढत नाही. साध्या भौतिकशास्त्राने पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाला, कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे १८ मीटरवर थांबते. पावसात तो ०.४ वर आला की ३५ मीटर. चालकाच्या प्रतिक्रियेचा सेकंदभर यात धरलेला नाही. त्यात आणखी १७ मीटर जातात. मागची चाकं इंजिनाला जोडलेली आहेत की नाहीत याचा या आकड्यांशी संबंध नाही. संबंध आहे फक्त टायर आणि रस्ता यांचा.

खरा धोका याहून सूक्ष्म आहे. दोन चाकांवर चालणारी गाडी ओल्या चढावर जरा जास्त पेट्रोल दिलं की चाक फिरवते, आणि चालकाला कळतं की रस्ता निसरडा आहे. ऑल-व्हील ड्राइव्हची गाडी काही न बोलता निघून जाते. सूचना मिळतच नाही. आषाढात आंबोली किंवा वरंध घाटात ओली पानं आणि वरून वाहून आलेली लाल माती यांचा थर असलेल्या वळणावर असा चालक वेगात पोहोचतो आणि रस्ता निसरडा असल्याचं त्याला प्रथम ब्रेक दाबल्यावर कळतं. भाच्याला हिवाळी टायर घ्यायला सांगितले ते याच कारणाने. थंडीत साध्या टायरचं रबर कडक होतं. मऊ रबराचा टायर चढताना, वळताना आणि थांबताना, तिन्ही वेळा उपयोगी पडतो.

टायरांचाच विषय निघाला आहे तर आपल्याकडची एक सवय सांगतो. दोन टायर झिजले की आपण दोनच बदलतो, उरलेले दोन 'अजून वर्षभर जातील'. ऑल-व्हील ड्राइव्हच्या गाडीला ही काटकसर महागात जाते. नवा टायर झिजलेल्यापेक्षा घेराने मोठा असतो, म्हणून तो कमी फेऱ्या घेतो. मधल्या कपलिंगला किंवा क्लच प्लेटांना वाटतं की गाडी सतत वळतेच आहे. सरळ महामार्गावरही त्या घासत राहतात, तेल तापतं, आणि काही हजार किलोमीटरांत चार टायरांच्या किमतीच्या कित्येक पट खर्चाचं काम निघतं. चारही टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे साडेसहा मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक नसावा असं सुबारू सांगते. हा फरक घेराचा आहे. खाचेच्या खोलीत मोजला तर तो जेमतेम एक मिलिमीटर भरतो. म्हणून अमेरिकेत एकच टायर फाटला तर नवा टायर यंत्रावर खरवडून उरलेल्या तिघांच्या मापाचा करून देणारी दुकानं आहेत.

पंक्चर झाल्यावर लावायच्या बारक्या स्टेपनीचाही हाच प्रश्न. तिचा घेर वेगळा. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये त्यावर एक साधा उपाय होता. बॉनेटखाली फ्यूजच्या पेटीजवळ एक रिकामी खाच असे. तिच्यात एक जादा फ्यूज बसवला की मागच्या चाकांकडे जाणारी क्लच सुटते आणि गाडी तेवढ्यापुरती पुढच्या चाकांवर चालते. टायर दुरुस्त करून आणला की फ्यूज काढून ठेवायचा.